मार्चमधला कोरडा दिवस

"सर, तुम्ही लवकर या. कोणी मेलं नाही, पण या."

वानखडे सरांचा फोन होता. शनिवारची दुपार. मी मेहकरला घरी, जेवून नुकताच लवंडलो होतो. वानखडे सर म्हणजे जानेफळच्या पलीकडच्या एका गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या गावात मला अजून तोंड दाखवावं लागतं. सर मोजकं बोलणारे. असा माणूस जेव्हा "कोणी मेलं नाही" इथून सुरुवात करतो, तेव्हा जास्त विचारत बसू नये, चपला शोधाव्यात.

तरी विचारलंच. "झालं काय पण?"

"तुमचा कोरडा दिवस झाला," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

आतून बायको म्हणाली, "आज ड्राय डे हाय का? मंग तुमी कायले धावून राह्यले?"

तिचंही चुकलं नाही. कोरडा दिवस म्हटलं की कोणालाही दारूचं दुकानच आठवतं. आमच्या कामात त्याचा अर्थ वेगळा आहे. मलेरियाचा डास गटारातला नसतो. तो साचलेल्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यातून अळी, अळीतून डास, या सगळ्याला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा घरातली पाण्याची भांडी रिकामी करायची, घासायची, पुसून उन्हात पालथी घालायची. अळी असेल तर मरते. हा कोरडा दिवस. बोलायला दोन मिनिटं लागतात आणि ऐकायला अगदी सोपं वाटतं.

मी ज्या संस्थेत फील्ड को-ऑर्डिनेटर आहे तिचं मूळ काम आफ्रिकेत, पूर्वेकडच्या एका देशात आहे. तिथली शाळकरी पोरं मलेरियाने महिना-महिना शाळा बुडवतात, काही दगावतात. संस्था त्यांना मच्छरदाण्या देते, शाळेतच रक्त तपासते आणि डास कुठे जन्मतो ते शोधायला पोरांनाच शिकवते. काम खरंच मोलाचं आहे. चेष्टा करायची तर ती माझी आहे, त्या कामाची नाही. तर हेच काम आपल्याकडच्या काही गावांत करून बघायचं ठरलं. बुलडाणा जिल्ह्यासाठी माणूस हवा होता. मी मिळालो.

ट्रेनिंगला मला पंधरा दिवस तिकडे नेलं होतं. ते पंधरा दिवस मी अजून पुरवून पुरवून वापरतो. लग्न असो की तेरवी, मी "आम्ही आफ्रिकेत होतो तेव्हा" एवढं म्हटलं की माझा मेहुणा संतोष ताट उचलून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसतो. घरात माझ्यामागे मला आफ्रिकावाले भाऊजी म्हणतात. आता पुढ्यातही म्हणतात.

तिकडचं मॅन्युअल इंग्रजीत होतं. मराठी मी केलं. त्यात पाण्याबद्दल तीन गोष्टी क्रमाने होत्या. पहिली, भांडं घट्ट झाका. दुसरी, झाकता आलं नाही तर फडक्यातून गाळा. तिसरी, हे दोन्ही जमत नसेल तेवढंच भांडं रिकामं करा. मी तिन्ही नीट उतरवल्या. भाषांतरात खोट नव्हती. खोट पुढे झाली.

पुण्याच्या ऑफिसातून केतकी मॅडमचा फोन आला. मॅडम माझ्या बॉस. वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण हुशार.

"सर, मुलांच्या तोंडात बसेल असं काहीतरी द्या ना. कॅची."

आता आमच्या खानदानात मंगलाष्टकं, उखाणे आणि निवडणुकीच्या घोषणा पुरवण्याचं खातं माझ्याकडे आहे. मी एका बैठकीत लिहून दिलं:

शनिवार आला, शनिवार आला,
भांडी सगळी पालथी घाला!

'झाका' बसवायची मी खूप ओढाताण केली. चालीत बसेना. 'गाळा' जवळपास आला होता, पण 'आला'शी नीट जुळेना. म्हणून दोन्ही काढले. मॅन्युअलमध्ये आहेतच की, म्हटलं. मॅडमनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले. मी ते बायकोला दाखवले.

दुसरी खोट कॅलेंडरची. तिकडे मोठा पाऊस मार्चमध्ये सुरू होतो, म्हणून तिकडच्या शाळांत कोरडा दिवस मार्चपासून. मी कॅलेंडर घेतलं, शाळांची नावं बदलली आणि पाठवून दिलं. मार्चमध्ये आपल्याकडे काय असतं हे मला कोणी सांगायला हवं होतं असं नाही. माझा जन्म इथलाच. माझ्या घरासमोरच्या नळाला पाणी पंधरवड्यातून एकदा येतं, आणि ज्या गावातून फोन आला होता तिथेही तसंच.

तर निघालो. गाडीवर असतानाच मॅडमचा फोन. बाजूला थांबून घेतला.

"वॉव सर! ग्रुपवर फोटो बघितले का? अख्खी गल्ली! सगळी भांडी उलटी, चकाचक! अळी किती घरांत मिळाली?"

"मॅडम, मी पोचतोय अजून."

"झीरो असणार बघा."

पोचलो तर गल्लीच्या तोंडाशी वानखडे सर उभे. त्यांनी चालता चालता सांगितलं ते असं.

आदल्या दिवशी नळ आला होता. गावाने रात्र करून ड्रम, रांजण, पितळेचे गुंड, घागरी, बकेटी, जे हाताला लागलं ते भरून ठेवलं. सकाळी मोठी माणसं गहू-हरभऱ्याच्या काढणीला शेतात गेली. शनिवारची सकाळची शाळा सुटली आणि आमची डासपथकाची पोरं डोक्यावर पिवळ्या टोप्या घालून, घोषणा देत गल्लीत शिरली. कॅप्टन होती सातवीतली वैष्णवी. पोरगी शिस्तीची. दारात बसलेल्या म्हाताऱ्यांना तिने सांगितलं, शाळेचं काम हाय. शाळेचं म्हटल्यावर कोण अडवणार? पोरांनी एकेक घर घेतलं. पाणी ओतलं, नारळाच्या शेंडीने ड्रम घासला, फडक्याने पुसला, पालथा घातला. मी शिकवलं होतं तसंच, एकही पायरी चुकली नाही.

मग वैष्णवीचा बाप गजानन शेतातून आला.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे घरात मयत झालं की भरलेलं पाणी सांडून टाकतात आणि भांडी पालथी घालतात. गजाननचा बाप, सखारामआबा, दिवाळीपासून खाटेवर. गजानन गाडीवरून वळला आणि त्याला दिसलं काय, तर आपल्या अंगणात रांजण पालथा, ड्रम पालथा, गुंड पालथे. त्याने गाडी तशीच सोडून दिली. अंगणात बसला आणि "माह्या बापा!" म्हणून असा टाहो फोडला की शेजारच्या म्हाताऱ्या बाया पदर सावरत धावत आल्या. एकीने गळा काढला. दुसरीने साथ दिली. तेवढ्यात आतून आबांचा आवाज आला.

"कोन गेलं बे?"

बाहेरून कोणीतरी म्हणालं, "आबा, तुमीच."

मग काय विचारता! गल्ली हसायला लागली. रडणाऱ्या बाया हसल्या, गजानन डोळे पुसत हसला, आबाही खाटेवर हसले म्हणतात. सगळे हसून हसून दमले, तेव्हा आबांना ठसका लागला आणि त्यांनी पाणी मागितलं.

गल्लीत पाणी नव्हतं.

"तिथून पुढं कोणी हसलं नाही," वानखडे सर म्हणाले.

गजाननच्या अंगणात पन्नासेक माणसं असावीत. मला वाट करून दिली. आरडाओरडा होईल अशी मी तयारी करून आलो होतो. आरडाओरडा असला की निभावता येतं, आपणही चार शब्द मोठ्याने बोलतो. इथे सगळे नुसते बघत होते. जमीन अजून ओली होती. त्या ओल्यात कोंबड्या चोच मारत होत्या.

वैष्णवी भिंतीला टेकून उभी होती. टोपी डोक्यावर होती, गालावर बोटं उठलेली. तिची आई मंदा उंबऱ्यात बसलेली, कोणाकडेच बघत नव्हती.

गजानन म्हणाला, "सर, हे तुमीच शिकवलं ना पोरीले?"

"हो, म्हणजे तसं बघितलं तर..."

"तेच म्हनतो मी. हिच्या मायनं हिले मारलं. मी म्हनलं, मारू नको वं, सरले येऊ दे."

मग वैष्णवीने मला विचारलं. भरल्या अंगणात, सगळ्यांसमोर, वर्गात विचारावं तसं.

"सर, मी बरोबर केलं ना?"

मला आजही कळत नाही की एवढ्या सोप्या प्रश्नावर मी ते काय केलं. मी भाषण केलं. म्हणालो, मॅन्युअलमध्ये तीन टप्पे आहेत. पहिला टप्पा झाकण्याचा. कोरडा दिवस हा परिस्थिती पाहून पाळायचा असतो. वैष्णवीची पद्धत अचूक होती, फक्त अंमलबजावणीत थोडं... आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी हळूहळू सगळं त्या पोरीच्या अंगावर ढकलतोय. तिच्याही लक्षात आलं. तिने टोपी काढली.

"आमाले झाका कधी सांगतलं सर?" ती म्हणाली. "गान्यात तर नाई."

कोपऱ्यात एक म्हातारी बसली होती, गजाननची चुलती. सगळे तिला काकी म्हणत. तिने मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"सर, तुमचं घर मेहकरले ना?"

"हो काकी."

"नळ कवा येते तिथं?"

"पंधरा-वीस दिवसांनी."

"मंग तुमच्या घरी कोनत्या वारी सांडता?"

टोमणा नव्हता तो. म्हणजे मला तरी तसं वाटलं नाही. तिला खरंच वार हवा होता. मेहकरचे शिकलेले लोक ही गोष्ट कशी जमवतात, ते तिला माहीत करून घ्यायचं होतं.

आमच्या घरी कोरडा दिवस एकदाही झालेला नव्हता. ट्रेनिंगहून आल्यावर मी बायकोला सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली होती, "आधी रोज नळ आना, मंग सांडते." मी हसलो होतो आणि विषय सोडला होता. स्वतःच्या घरात जे पहिल्याच वाक्यात निकालात निघालं, ते मी घोषणा लावून गावोगाव नेलं.

"नाही सांडत काकी," मी म्हणालो. "आमच्याकडे ड्रमला झाकण आहे. वरून फडकं बांधतो."

अंगणातल्या एका माणसाने तंबाखू थुंकली, माझ्याकडे बघून नव्हे, पण थुंकली.

मग मी जे आधी म्हणायला हवं होतं ते म्हणालो. "वैष्णवीचं काही चुकलं नाही. मी जे शिकवलं तेच तिने केलं. मीच चुकीचं शिकवलं." मोठ्याने म्हणालो, पण पोरगी तोवर आत निघून गेली होती. ऐकलं असेल की नाही, मी कधी विचारलं नाही.

आता पाण्याचं. संतोषचा जानेफळला बांधकामाच्या साइटवर पाणी टाकायचा टँकर आहे. फोन लावला.

"संतोष, टँकर पाहिजे होता. आत्ता."

"आफ्रिकेत पाठवाचा हाय का?"

"मस्करी नको. इकडे, जानेफळच्या पुढे."

"काऊन, काय झालं?"

सांगितलं. मग असं हसू ऐकू आलं की मी फोन कानापासून दूर धरला, आणि दूर धरल्यामुळे ते अंगणाला ऐकू गेलं.

"भाऊजी, पानी सांडाले तर आमचे पोट्टे बिना शिकवल्याचे सांडतात! त्याच्यासाठी तुमी इमानात बसून गेलते का?"

पण आला. ड्रायव्हर नव्हता तर स्वतः चालवत आला. पाइप सोडला आणि प्रत्येक बाईला सांगत सुटला, "भरा ताई, भरा. हे आमचे भाऊजी हायेत. मानूस वाईट नाई." याच्यापेक्षा त्याने मला वाईट म्हटलेलं चाललं असतं.

टँकर एक, घरं अख्खी गल्ली. वाट्याला दोन-चार गुंड आले. तेही वापरायचं पाणी, प्यायचं नव्हे. प्यायचं पाणी पुढचा नळ येईपर्यंत बायांनी एका शेतातल्या विहिरीवरून आणलं, सकाळ-संध्याकाळ. पोरीही जायच्या. वैष्णवी पहिल्या खेपेला जायची आणि मग शाळेत, हे मला वानखडे सरांनी पुढे कधीतरी सांगितलं. मुद्दाम सांगितलं असं नाही. ती शाळेत उशिरा का येते, एवढंच बोलणं चाललं होतं.

त्या संध्याकाळी मीच मॅडमना फोन केला.

"मॅडम, तुम्ही म्हणालात ते खरं झालं. एकाही घरात अळी नाही."

"ग्रेट! मी म्हटलं होतं..."

"पाणीही नाही. एकाही घरात."

सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे टेक्निकली..."

"टेक्निकली झीरोच आहे."

त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. "बाकीच्या गावांत सुरुवात पुढच्या शनिवारी ना?" त्यांनी विचारलं.

"हो. कॅलेंडर सगळीकडे तेच गेलंय, फक्त एक आठवडा पुढे. मी पाठवलंय."

दुसऱ्या दिवशी रविवार असून मी आणि मॅडम एकेका मुख्याध्यापकाला फोन लावत बसलो. एका गावातली पोरं शनिवारपर्यंतही थांबणार नव्हती. तिथले सर म्हणाले, "बरं झालं सांगितलं. आमची पोरं लई उत्साही हायेत."

महिन्याच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये तिकडच्या शिक्षिका ग्रेस होत्या. ट्रेनिंगमध्ये त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांना सगळं सांगितल्यावर त्यांनी साध्या सुरात विचारलं, तुमच्याकडे मार्चमध्ये पाऊस पडत नाही का? नाही म्हटलं. मग आमच्याकडे पाऊस केव्हा पडतो हे तुम्हाला माहीत होतं का? होतं म्हटलं. मी तिथे भिजलो होतो मार्चमध्ये, छत्रीसुद्धा त्यांनीच दिली होती. पुढचं काही त्यांनी विचारलं नाही. सगळ्या चौकटींमधली माणसं आपापल्या पाण्याच्या बाटल्यांकडे बघायला लागली. मी माइक बंद केला आणि कॅमेरा बंद करायचं बटन शोधत राहिलो. ते सापडेपर्यंत माझं तोंड सगळ्यांना दिसत होतं.

कामाची मोडतोड करून नवीन आखणी झाली. आता उन्हाळ्यात फक्त झाकणं आणि फडकी. ड्रमच्या तोंडाला जुन्या धोतराचं दुहेरी फडकं, दोरीने आवळून. सिमेंटच्या टाक्यांत गप्पी मासे. ते अळ्या खातात, पाणी सांडत नाहीत. कोरडा दिवस पावसाळ्यात, जेव्हा पन्हाळीखाली बकेट ठेवली की आपोआप भरते, आणि तेव्हाही फक्त टायर, कुंड्या, कोंबड्यांची भांडी. घोषणा काढून टाकल्या. नवीन घोषणा लिहा असं मला कोणी म्हणालं नाही.

वैष्णवी पथकात परत आली नाही. वानखडे सरांनी विचारून पाहिलं. तिने नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही. दुसरी पोरगी कॅप्टन झाली. तिला टोपी सैल होत होती.

पाऊस लागल्यावर आम्ही त्या गावात मच्छरदाण्या वाटल्या. गजाननच्या घरी मी मुद्दाम स्वतः गेलो. आबा होते अजून. खाटेवर उठून बसले, म्हणाले, "या, जे मले मारून गेलते ते सर." गजाननने हसून घेतलं. मंदानेही घेतलं थोडं. मी मच्छरदाणी आबांच्या खाटेला बांधून दाखवली, कडा गादीखाली कशा खोचायच्या ते दाखवलं. सगळं कसं खेळीमेळीत चाललं होतं.

मंदाने आत आवाज दिला, "वैष्णवे, सरले पानी आन."

ती आली. उंच झाली होती. तांब्या नव्हता, पेला होता, आणि पेला अर्धाच होता. आमच्या भागात पाहुण्याला अर्धा पेला देत नाहीत. मंदा तिला रागवायला तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली. माझ्याकडे न बघता, पेल्याकडे बघत म्हणाली.

"अर्धाच आनला सर. उरलं तर सांडा लागते."

मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. पेला तिच्या हातात दिला. तिने तो आत नेला आणि पुन्हा बाहेर आली नाही.

डास व्हायला किती दिवस लागतात हे मला पाठ होतं. नळ किती दिवसांनी येतो हेही माहीत होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहायला काही ट्रेनिंग लागत नाही. घरचं पाणी एकदा स्वतः भरावं लागतं, बस. आमच्या घरी ते बायको भरते.